“एवढ्याशा मेंदीचे एवढे पैसे?” : खडूस कस्टमरला कसं हाताळायचं

लग्नसराई आलीये, म्हणून आज बोलूया मेंदी काढणाऱ्या मुलींबद्दल. माझी ताई मेंदीच्या ऑर्डर घेते आणि तिच्या बुकिंगचं व्हॉट्सॲप मी सांभाळतो. त्यामुळे हे सगळं रोजच्या बघण्यातलं आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कोन हातात असताना भांडता येत नाही. हात हलला की रेघ बिघडते, आणि अर्धी मेंदी सोडून उठणंही सोपं नसतं. म्हणजे जे काही बोलायचं, ते कोन उचलायच्या आधीच. किती हात, कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, पाय आहेत का, पाहुण्यांचे किती, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहायचं. समोरून “ओके” आलं आणि ॲडव्हान्स जमा झाला की मगच तारीख पक्की.

तरी ऐनवेळी कोणीतरी येतंच. “अगं, हिच्या हातावर पण एक वेल काढ ना, दोन मिनिटांचं तर काम!” अशा वेळी चिडायचं नाही आणि फुकटही काढायचं नाही. “हो काकू, नवरीचे हात झाले की काढते. एका हाताचे इतके होतील.” बस. निम्म्या वेली तिथेच गळून पडतात!

दुसरं भांडण रंगाचं. पापडी काढल्यावर रंग केशरी दिसतो आणि फोन येतो, “तुमची मेंदी रंगलीच नाही!” मेंदीतलं रंगद्रव्य, म्हणजे लॉसोन, कातडीत उतरल्यावर हळूहळू गडद होतं. त्याला साधारण 24 ते 48 तास लागतात. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे जास्त रंगतं. हाताच्या मागच्या बाजूला फिकं राहतं. हे काम झाल्यावर सांगितलं तर कारण वाटतं, आधी सांगितलं तर माहिती. म्हणून ताई निघतानाच सांगते, “आज पाणी लावू नका, रंग परवा बघा.”

आणि कोणी “लगेच काळी होणारी लावा” म्हणून अडून बसलं, तर सरळ नाही म्हणायचं. शुद्ध मेंदी झटपट काळी होत नाही. तशा कोनात बहुतेक वेळा केसांच्या डायमधलं पीपीडी असतं. त्याने फोड येऊ शकतात, डाग कायमचे राहू शकतात. ऑर्डर गेली तरी चालेल.

आता खरं अवघड. लग्नघरात सगळेच ताणात असतात. नवरीची आई एखादं वाक्य तोडून बोलली, तर सोडून द्या, तो राग मेंदीवर नसतो. पण अपमान वेगळा. मागच्या सीझनला रात्री 11 वाजता, सगळे हात भरून झाल्यावर, घरातले एक काका म्हणाले, “एवढ्याशा मेंदीचे एवढे पैसे? निम्मे घे.” ताईने आवाज चढवला नाही. फोन काढला, ठरलेला मेसेज दाखवला आणि म्हणाली, “काका, हे ताईंशी ठरलंय. त्यांना बोलावते.” काका कुरकुरले, पण पैसे पूर्ण आले.

शिवीगाळ झाली, कोणी नको तिथे हात लावला किंवा पिऊन त्रास द्यायला लागलं, तर मात्र नियम एकच. कोन खाली, सामान पिशवीत आणि बाहेर. राहिलेले पैसे नंतर बघू. म्हणून अनोळखी घरी एकटीने जायचं नाही, पत्ता घरच्यांना पाठवून ठेवायचा आणि परतायची गाडी आधीच ठरवायची.

आणि आपण कस्टमर असू तेव्हा? ती मुलगी 4-5 तास मान खाली घालून बसलेली असते. तिला पाणी विचारा, जेवायला वाढा आणि ठरलेले पैसे न मागता द्या.

तुमच्याकडेही असे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!