मुसोलिनीच्या साम्राज्याचे मूळ

हुकूमशहाच्या परराष्ट्र धोरणाची चर्चा बहुधा नकाशापासून सुरू होते. मुसोलिनीच्या बाबतीत ती इटलीतील शेतांपासून आणि कारखान्यांपासून सुरू करणे प्राप्त आहे. १९११ साली लिबियावरील स्वारीस विरोध करून तुरुंगवास पत्करणारा हा एकेकाळचा समाजवादी, ३ ऑक्टोबर १९३५ रोजी ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, फौजा धाडतो. याची संगती केवळ त्याच्या महत्त्वाकांक्षेतून लागत नाही.

जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा फॅसिस्टांनी खून केला. १९२६ साली संप हा गुन्हा ठरला. पुढे मजुरीत सक्तीची कपात झाली. दक्षिणेतील बड्या जमीनदारांच्या जमिनींना मात्र कोणी हात लावला नाही. भूमिहीनाला जमीन द्यावयाची, पण जमीनदाराची घ्यावयाची नाही, हा पेच सोडवण्यासाठी आफ्रिका दाखवण्यात आली. जोडीला १८९६ च्या अडोवा येथील पराभवाचे शल्य होतेच; ते चिघळत ठेवण्यात राजवटीने कसूर केली नाही.

ॲबिसिनियाने ही भूक भागणार नव्हती. फेब्रुवारी १९३९ मध्ये फॅसिस्ट महामंडळापुढे मुसोलिनीने इटलीला भूमध्य समुद्रातील कैदी म्हटले: कॉर्सिका, ट्युनिस, माल्टा, सायप्रस हे त्या तुरुंगाचे गज, जिब्राल्टर आणि सुएझ हे पहारेकरी. दोनच महिन्यांनी त्याने अल्बानिया गिळला.

आणि ज्यांनी अडवावयाचे ते काय करीत होते? ॲबिसिनिया राष्ट्रसंघाचा सभासद होता. संघाने इटलीवर निर्बंध लादले, पण त्यांतून खनिज तेल वगळले! सुएझ कालवाही खुलाच राहिला. इटलीची सैनिकी जहाजे जकात भरून त्यातून बिनदिक्कत जात होती. विषारी वायूचा वापर १९२५ च्या जिनीव्हा कराराने निषिद्ध ठरला होता. तो इथिओपियन गावांवर बरसला. स्वतःच्या वसाहती सांभाळून बसलेल्या ब्रिटन-फ्रान्सला दुसऱ्याच्या वसाहतलालसेचा मनापासून संताप येणे कठीणच होते. जुलै १९३६ मध्ये निर्बंधही उठले.

ज्या भूमिहीनांच्या नावाने हे युद्ध झाले, त्यांतील फारच थोड्यांना आफ्रिकेत जमीन मिळाली. १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर इटलीचा मोर्चा मोडला, तो मोडणाऱ्यांत मराठा पलटणीचे शेतकरीपुत्र होते. इथिओपिया मुक्त झाला. त्या जवानांचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यातच होता.