सल्ला केंद्राचे विश्वस्त आपणच व्हायचं
(सल्ला केंद्राच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या सल्ला केंद्रात विश्वस्तांच्या तीन जागा रिकाम्या आहेत. बरेच जण म्हणतात, "शहरातले शिकलेले घ्या, आपल्याला कायदा काय समजतो?" आम्हाला हे पटत नाही.

केंद्रात कोण येतं ते बघा. ज्याचा वनहक्काचा दावा नाकारला, तो येतो. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला 60 दिवस मिळतात. रोजी बुडवून माणूस कागद घेऊन आला आणि दाराला कुलूप, असं दोन-तीनदा झालं की मुदत संपते, आणि कसलेली जमीन हातची जाते. केंद्र बाजाराच्या दिवशी उघडायचं का, लावणीत कधी उघडायचं, हे पाड्यातल्या माणसालाच कळतं. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब त्यातला एक धरतात. 13 डिसेंबर 2005 च्या आधीची वहिवाट कोणती आजी सांगेल, हे शहरातल्याला कुठून ठाऊक?

विश्वस्त म्हणजे मालक नाही. त्याला पगार नाही. दावे लिहून देणारा कार्यकर्ता वेगळा, आणि काम नीट चाललंय का ते बघणारा विश्वस्त वेगळा. आपली संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. पैसा वाट चुकला तर जाब विश्वस्तांनाच विचारतात. म्हणून हे नुसतं मानाचं पद समजू नका.

वाचता येत नसेल तरी चालेल. पण हिशेब मोठ्यानं वाचून घ्यायचा, पावती मागायची, आणि समजल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. "हे पैसे कशाला गेले?" एवढं विचारायला शाळा लागत नाही, धीर लागतो.

आणखी तीन गोष्टी पाळायच्या. आपल्या भावकीचा दावा निघाला की बैठकीतून उठून बाहेर बसायचं. कोणाची अडचण ऐकली ती चावडीवर बोलायची नाही. सल्ल्याच्या बदल्यात पैसा नाही, कोंबडी नाही, बाटली तर नाहीच.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. मग विश्वस्तांत बाया का नकोत? तिघांत दोन बाया असाव्यात, असं आमचं म्हणणं आहे.

पुढच्या बैठकीआधी पाड्यापाड्यात बसा, नावं ठरवा. जो गोड बोलतो त्याचं नाव देऊ नका. जो प्रश्न विचारतो त्याचं द्या. केंद्र आपल्यासाठी आहे, तर किल्लीही आपल्या हातात पाहिजे.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!