दुखणं सांगणाऱ्याचं आधी ऐका



भिवंडीत दुखण्याबद्दल बोलायचं, तर यंत्रमागापासूनच सुरुवात करायला हवी. बारा तासांची पाळी उभ्यानं करून कामगार दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "कंबर धरलीय." आम्ही डॉक्टर गोळी लिहून मोकळे होतो. कळ पोटरीपर्यंत उतरते का, पायाला मुंग्या येतात का, मागावरचा सुताचा बीम उचलल्यावर वाढते की रात्री पडल्या पडल्याही थांबत नाही, हे विचारलं तर नस दबली आहे का, याचा अंदाज तिथंच येतो. एक्स-रेत नस दिसत नाही. आणि रात्रीही न थांबणाऱ्या कळीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावीच लागते. हे सगळं तोच सांगू शकतो. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 सालीच बजावलं होतं की, रोग्याला त्याचा धंदाही विचारा.

बाईचं दुखणं तर तिच्या तोंडून आमच्यापर्यंत पोचतच नाही. या शहरात तेलुगू, उर्दू, भोजपुरी, मराठी अशा भाषा नांदतात. बाई तिच्या भाषेत काही सांगू लागते आणि शेजारी बसलेला नवरा ते एका वाक्यात उरकतो, "काही नाही, अंग दुखतं थोडं." केसपेपरवर तेवढंच उतरतं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. निम्म्याहून अधिक जणींच्या तक्रारी होत्याच. म्हणजे त्रास त्यांना कळत होता. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे त्यांना काही विचारायला कुणी गेलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

बाहेर रांग लागलेली असते, ऐकायला वेळ कुठून आणायचा, असं माझे सहकारी म्हणतात. रांग खरी आहे. पण 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचं बोलणं मध्येच तोडत होते. ज्यांना बोलू दिलं, त्यांतल्या कुणालाच अडीच मिनिटांहून जास्त लागली नाहीत.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली व्याख्या सुधारताना स्पष्ट म्हटलं की, माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखावा. म्हणून इथल्या दवाखान्यांकडे माझं मागणं आहे. केसपेपरवर रुग्णाचे स्वतःचे शब्द आणि त्याचं काम, यांसाठी दोन ओळी राखा. बाईशी थोडा वेळ नर्सच्या सोबतीनं, नवऱ्याला बाहेर बसवून बोला. आणि तेलुगू येणारी एखादी आशाताई असेल, तर तिला दाराशी नव्हे, डॉक्टरशेजारी खुर्ची द्या.