हाताला काम नाही आणि नागरिकत्व मागायचे आहे

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नागरिकत्व सुधारणा कायद्यावर गेल्या काही वर्षांत इतकी भाषणे झाली, इतके मोर्चे निघाले आणि वाहिन्यांवर इतका आरडाओरडा झाला की, आता हा विषय पुन्हा कशासाठी, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. पण त्या साऱ्या गदारोळात एक माणूस कोणाला दिसलाच नाही. पाकिस्तानातून आलेला, खिशात दमडी नसलेला आणि हाताला धड काम नसलेला हिंदू माणूस भारताचे नागरिकत्व मागण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

आधी कायदा पाहू. आपला नागरिकत्व कायदा १९५५ सालचा. परकीय माणसाला नागरिकत्व द्यायचे, तर त्याच्या अंगी काय असावे, हे त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सांगितले आहे. चारित्र्य चांगले असावे, घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी, आधीचे नागरिकत्व सोडण्याची तयारी असावी, पुढे भारतातच राहण्याचा मनोदय असावा आणि ठरावीक वर्षांचे वास्तव्य झालेले असावे. एवढेच. नोकरी असावी, उत्पन्न अमुक असावे, बँकेत शिल्लक असावी, असा शब्दही त्यात नाही. जर्मनीचा कायदा अर्जदाराला विचारतो की, बाबा रे, तू आपला उदरनिर्वाह आपण चालवतोस ना? स्वित्झर्लंडमध्ये अर्जाआधीच्या तीन वर्षांत सरकारी मदतीवर जगला असाल, तर ती रक्कम परत केल्याखेरीज साधारणपणे दार उघडत नाही. आपल्या कायद्याने असे काही विचारले नाही, याचा मला अभिमान वाटतो. रित्या हाताने आलेल्याला पारशी बांधवांपासून तिबेटी लामांपर्यंत ज्या भूमीने आसरा दिला, तिच्या कायद्याला ते शोभणारेच आहे.

कायदा विचारत नाही. पण त्या कायद्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मात्र पावलोपावली पैसा विचारतो.

राजस्थानात जोधपूरच्या आसपास काली बेरी, आंगणवा, गंगाणा अशा वस्त्या आहेत. तेथे राहणारे बहुतेक लोक भिल्ल, मेघवाल, कोळी समाजांचे. सिंधमधील थरपारकर, मीरपूर खास, सांघड, उमरकोट या भागांतून आलेले. तिकडे जमीनदाराच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या वेठबिगारी केलेली ही माणसे. २००६ साली मुनाबाव-खोखरापार मार्गे थार एक्सप्रेस सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद पडली. या तेरा वर्षांत कित्येक कुटुंबे तीर्थयात्रेच्या किंवा नातेवाइकांच्या भेटीच्या व्हिसावर तिच्यातून आली आणि परत गेली नाहीत. लेकीबाळींच्या अब्रूची धास्ती घेऊन माणूस किती दिवस जगणार? आल्यावर हाताला काम कोणते, तर दगडाच्या खाणीत. जोधपूरचा लालसर दगड आपण राजवाड्यांच्या भिंतींवर पाहतो. तो फोडणाऱ्याच्या छातीत त्याची धूळ साठते. खाण बंद, तेव्हा मजुरी बंद.

आता या माणसाने अर्ज करायचा. जुन्या पद्धतीत चालू मुदतीचा पाकिस्तानी पासपोर्ट लागतो. मुदत संपली असेल, तर ज्या देशातून जीव घेऊन पळून आलो, त्याच देशाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयासमोर रांग लावून नूतनीकरणाचे शुल्क मोजायचे. घरात सहा माणसे म्हणजे सहा पासपोर्ट. त्यावर दिल्लीचा प्रवास, प्रतिज्ञापत्रे, छायाचित्रे, आणि या सगळ्यात बुडालेली रोजंदारी. २०१६ पूर्वी नोंदणीचे शुल्कच तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत होते. खाणमजुराने ते आणायचे कोठून? अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात तो ‘मजुरी’ असे लिहितो. पण ती मजुरी त्याला आज मिळेल की नाही, हे त्यालाही ठाऊक नसते.

बरे, नागरिकत्व मिळेपर्यंत नोकरी करावी म्हटले तर? दीर्घ मुदतीच्या व्हिसावर खासगी नोकरी करता येते, असे नियम सांगतो. सरकारी नोकरीचे दार बंदच. आणि खासगी मालकाच्या हातात ‘पाकिस्तान’ असे छापलेला कागद पडला की, तो दोन हात लांब सरकतो. त्यालाही दोष देण्यात अर्थ नाही. पोलिसांचा ससेमिरा कोणाला हवा असतो? म्हणजे नागरिकत्व नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून नागरिकत्वाचा अर्ज अडलेला. हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे फिरत राहते.

केवळ अशिक्षितांचीच ही कथा आहे असे समजू नका. सिंधमधील वैद्यकीय महाविद्यालयांतून एम.बी.बी.एस. झालेले हिंदू डॉक्टर अहमदाबादेत आहेत. नागरिकत्व नसल्याने वैद्यक परिषदेची नोंदणी नाही आणि नोंदणी नाही म्हणून रुग्णाला तपासण्याचा अधिकार नाही. शिकलेला डॉक्टर रुग्णालयात पडेल ते काम करतो किंवा दुकान चालवतो. या मंडळींचा प्रश्न सुटण्यास प्रारंभ झाला तो २०२२ साली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यांच्याकडून कायम नोंदणीसाठी अर्ज मागविले आणि परीक्षेची सोय केली. अट मात्र होती: ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेला असावा आणि भारताचे नागरिकत्व मिळालेले असावे. पुन्हा नागरिकत्व आधी, व्यवसाय नंतर!

येथे मला आपल्या उल्हासनगरची आठवण होते. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवलेले सिंधी बांधव काय घेऊन आले होते? पण घटनेचे सहावे कलम त्यांच्या पाठीशी होते. अखंड भारतात जन्मलेला आणि १९ जुलै १९४८ पूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेला माणूस आपोआप नागरिक ठरला. त्यानंतर आलेल्यास नोंदणी करावी लागली. त्यासाठी सहा महिन्यांचे वास्तव्य पुरेसे होते. सहा महिने! नोकरी आहे का, असे त्यांना कोणी विचारले नाही. नागरिकत्व हाती आले आणि मग पापड लाटून, रेल्वेत गोळ्या-बिस्किटे विकून त्यांनी व्यापार उभा केला. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असा विनोद आपण हसत हसत सांगतो. त्या विनोदाच्या मुळाशी घटनेतील हे कलम आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. नंतर आलेल्या त्यांच्याच भाऊबंदांसाठी सहा महिन्यांची अकरा-बारा वर्षे झाली. नेहरू-लियाकत करारावर विसंबून राहिलेल्या राज्यकर्त्यांना सीमेपलीकडचा हिंदू आपला वाटला नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींनी १९५० साली मंत्रिपद सोडले, ते याच प्रश्नावर.

२०१६ पासून चित्र पालटू लागले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील अल्पसंख्याकांना बँकेत खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरते घर आणि स्वयंरोजगार यांची मुभा मिळाली, राज्यात मोकळेपणी फिरता येऊ लागले, शुल्क शंभर रुपयांवर आले. सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार मिळाले. त्यात आपले मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर होते. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने अकरा वर्षांची अट पाचवर आणली. ११ मार्च २०२४ रोजी नियम निघाले आणि १५ मे रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांच्या हाती प्रमाणपत्रे पडली. या नियमांत मुदत संपलेला पासपोर्ट चालतो. तोही नसेल, तर शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, आईवडील, आजोबा-पणजोबा तिकडचे नागरिक असल्याचा पुरावा चालतो. गरिबाच्या दृष्टीने ही एकच सवलत सगळ्या भाषणांहून मोलाची आहे.

तरीही एक गट बाहेर राहतोच. ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेल्यांचे काय? सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने, २०२४ अखेरपर्यंत आलेल्या अशा लोकांवर पासपोर्ट-व्हिसा नसल्यावरून कारवाई होणार नाही, हे स्पष्ट झाले. डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली. पण नागरिकत्वासाठी त्यांना जुनाच लांबचा रस्ता आहे, आणि तोवर तेच रहाटगाडगे. ही तारीख पुढे सरकावी, अशी मागणी आपण केलीच पाहिजे.

कायदा झाला तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. अर्ज भरून द्यायला किती हात पुढे आले? अर्ज संगणकावर भरायचा असतो आणि खाणीतल्या मजुराला ते जमत नाही. स्थानिक सामाजिक संस्थेचा दाखला लागतो. तो देणाऱ्या संस्थांनी आपल्या दारी येण्याची वाट पाहू नये, वस्तीवर जावे. जिल्हा समितीपुढे बोलावणे आले, तर त्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च कोणी तरी उचलावा. शे-पाचशे रुपयांसाठी अर्ज रखडलेले असतात.

आणखी एक अडचण लिपीची. तिकडचे जुने दाखले, जमिनीचे उतारे बहुधा अरबी वळणाच्या सिंधी लिपीत किंवा उर्दूत असतात. एका कागदावर नाव एक, दुसऱ्यावर किंचित निराळे. ते जुळवून सांगणारा जाणकार लागतो. उल्हासनगरात आणि नागपूरच्या जरीपटक्यात ती लिपी वाचणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांपैकी बहुतेक सत्तरीपलीकडची आहेत. त्यांच्याकडून कागद वाचून घ्यायचे, तर ते काम या वर्षा-दोन वर्षांतच व्हायला हवे. आज सभेनंतर ज्यांना त्यासाठी नावे द्यायची असतील, त्यांनी बाहेरच्या टेबलापाशी द्यावीत.