खिडकी लावून घेऊ नका
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



१३ ऑगस्ट २००४ हा दिवस आपण नागपूरकर विसरलो नाही. कस्तुरबा नगरच्या बायांनी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच ठार मारलं. वर्षानुवर्षं त्याने वस्ती छळली होती. तो जामिनावर सुटेल, ही धास्ती होती. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पण ती वेळ यावी, यात कुणालाच अभिमान नाही.

बँकेत आम्ही पहिला हप्ता थकला की नोटीस काढायचो. उशीर केला की कर्ज बुडीत. गुंडगिरीचंही तसंच आहे.

भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या नेमल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली, लहान भांडणं तिथेच मिटू लागली. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आपल्या गेटसमोर रात्री पोट्टे पितात, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना बोलतात. मी स्वतः दोनदा खिडकी लावून घेतली, हे आज कबूल करतो.

म्हणून विनंती एवढीच. एकट्याने भांडू नका. सर्वांच्या सह्यांचा अर्ज ठाण्यात द्या, पोच घ्या. बीट अंमलदारांना आपल्या सभेला बोलवा. तातडीचं असेल तर ११२ लावा. आणि त्यात आपलाच पोरगा निघाला, तर आधी घरात बोला.