समुद्र सोडून गेलेले शहर

आज आपल्याला एका दिवसाच्या सहलीला जायचे आहे. भाकरी बांधून घ्यायला नको की एस. टी.ची वाट पाहायला नको. घटकाभर कान तेवढे इकडे द्या म्हणजे झाले. ठिकाण मात्र लांबचे आहे. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, भूमध्य समुद्राच्या एजियन नावाच्या भागाजवळ, एफेसस म्हणून एक प्राचीन शहर आहे. एके काळी ते मोठे नावाजलेले बंदर होते. पण आज तिथे तुम्ही दिवसभर हिंडलात, तरी पायाला समुद्राचे पाणी लागायचे नाही. समुद्र तिथून पाच किलोमीटरहून अधिक दूर आहे. असे का झाले, ते पाहायलाच आपण निघालो आहोत.

प्रवासी बहुधा कुशादासीच्या बंदरात बोटीने उतरतात, नाहीतर इझमीरहून मोटारीने येतात. अवशेषांजवळचे गाव सेल्चुक. निघायचे ते सकाळी लवकर, कारण उन्हाळ्यात संगमरवर तापतो आणि सावली थोडी. डोक्याला टोपी हवी, जवळ पाणी हवे, आणि पायांत न घसरणारी वहाण हवी. वाटाडे बहुधा वरच्या वेशीतून आत नेतात, म्हणजे सारी वाट उताराची पडते. दोन डोंगरांच्या मधल्या घळीत हे शहर वसले होते. त्यांतल्या एका डोंगराचे आजचे नाव बुलबुलदाग. 'दाग' म्हणजे डोंगर. 'बुलबुल' तर तुम्हा-आम्हा सर्वांच्या ओळखीचा.

चला, उतरू या. पायांखाली संगमरवरी फरसबंदी आहे. उजव्या हाताला रोमन बादशहा हेड्रियन याच्या नावाचे छोटे देऊळ, डाव्या हाताला सधन लोकांची पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरे. त्या घरांतली भित्तिचित्रे आणि रंगीत खड्यांची जमीन टिकून राहावी म्हणून आता त्यांवर मोठे छप्पर घातले आहे. उतार संपतो तिथे सेल्ससचे ग्रंथालय उभे आहे. सेल्सस हा इथला रोमन सुभेदार होता. त्याच्या मुलाने दुसऱ्या शतकाच्या आरंभी बापाच्या स्मरणार्थ हे ग्रंथालय बांधायला घेतले, आणि बापाची समाधीही त्याच्याच खाली ठेवली. सुमारे १२,००० गुंडाळ्या तिथे मावत असाव्यात, असा अंदाज आहे. आज दिसणारा त्याचा दर्शनी भाग ऑस्ट्रियाच्या संशोधकांनी १९७० ते १९७८ या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभा केला. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना हे जरूर सांगावे, की बापाचे स्मारक म्हणून ग्रंथालय बांधावे असे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या मनात आले होते.

आता थोडे चालून मोठ्या नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवर बसू. सुमारे २४,००० माणसे इथे बसत. समोर एक सरळ रस्ता दिसतो, अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिक लांब. रात्री या रस्त्यावर दिवे लागत असत, अशी शिलालेखात नोंद आहे. जहाजातून उतरलेला माणूस याच रस्त्याने शहरात येई. रस्ता जिथे संपतो तिथे काय आहे? लव्हाळ्यांचे हिरवे रान! मंडळी, तेच बंदर. जहाजे नांगर टाकीत होती त्या जागी आज दलदल आहे.

हे कुणी केले? शहरावर संकटे पुष्कळ आली. तिसऱ्या शतकात गॉथ लोकांनी लूट केली, भूकंपही झाले. पण पडलेली घरे माणसे पुन्हा बांधतात. बंदर मारले ते केस्ट्रॉस नदीच्या गाळाने. आज तिला धाकटी मेंदेरेस म्हणतात. समुद्र मागे हटला असे आपण म्हणतो खरे, पण इथे गाळाने जमीनच पुढे सरकली.

लोक काही हात जोडून बसले नव्हते, बरं का. जुनी वस्ती सखल भागात होती आणि तिथले बंदर भरत चालले होते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास लिसिमाकस राजाने शहर नव्या जागी हलवायचे ठरवले. लोक जागा सोडीनात! तेव्हा, स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो, राजाने मुसळधार पावसाची वाट पाहिली आणि गटारे तुंबवली. घराघरांत पाणी शिरले आणि लोक आनंदाने हलले.

पुढची हकीकत तर फारच विचार करण्याजोगी आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अट्टलस राजाला वाटले, बंदराचे तोंड अरुंद केले तर पाणी खोल होईल. त्याच्या स्थापत्यकारांनी बांध घातला. झाले उलटेच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर गाळ बाहेर ओढला जाई. आता तो आतच कोंडला आणि बंदर अधिकच उथळ झाले. पुढे नीरो बादशहाच्या काळात एका सुभेदाराने बंदर मोकळे करवले. इ. स. १२९ मध्ये हेड्रियनने नदीचा प्रवाह वळवला. दुसऱ्या शतकातल्या एका सुभेदाराचा हुकूम दगडावर कोरलेला सापडला आहे. लाकूड आणणाऱ्यांनी धक्क्यावर लाकूड रचू नये, संगमरवर आणणाऱ्यांनी तिथे दगड कापू नये, कारण लाकडाच्या भाराने धक्का खचतो आणि कापण्याच्या भुकटीने तळ भरतो!

हे सारे उपाय नदीच्या तोंडाशी होते. गाळ मात्र येत होता वरून. खोऱ्यात शेती वाढली, डोंगरावरची झाडे तुटली, आणि उघडी माती पावसाबरोबर खाली आली. शेवटी दलदल माजली, हिवताप आला, बहुतेक वस्ती पलीकडच्या टेकडीवर गेली.

दुपारी परतताना आर्टेमिस देवीच्या देवळाची जागा पाहून घेऊ. जगातल्या सात आश्चर्यांपैकी हे एक. आज तिथे तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब आहे, आणि त्यावर करकोचे घरटे करतात. वुड नावाचा इंग्रज हे देऊळ १८६३ पासून शोधत होता. १८६९ च्या अखेरीस ते सापडले, तेही खोल गाळाखाली. २०१५ साली एफेसस जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आपल्याकडे वसईजवळचे सोपारे असेच. ग्रीक खलाशांच्या जुन्या वाटदर्शक पोथीत त्याचे नाव आहे, अशोकाचा लेख तिथे सापडला. आज नालासोपाऱ्याला उतरणाऱ्याला इथे मोठे बंदर होते हे सांगावे लागते.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करावा. दोन पसरट पाट्यांत माती भरा. एकीवर गवताचे ढेप लावा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही सारख्या तिरप्या करून झारीने सारखेच पाणी घाला, आणि खाली येणारे पाणी दोन काचेच्या पेल्यांत धरा. पेले मुलांपुढे ठेवा. फार बोलायची गरज नाही.

आणि शेतकरी दादांनो, पहिल्या पावसात ओढा लाल होऊन वाहू लागला, की काठावर घटकाभर उभे राहा. ती माती कुणाच्या बांधावरून आली, कोणत्या उताराची आली, हे वर जाऊन पाहा. तळ्यातला गाळ काढायलाच हवा. पण त्याच वर्षी वरच्या उतारावर बांध घाला, गवत राखा, झाड लावा.