बांधावरचे दगड आणि पांढरीची माती



अंबाजोगाईत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. योगेश्वरीचे, आद्यकवी मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे हे गाव. हत्तीखाना लेणी आपण पाहालच. पण ज्यांच्यासाठी आज जमलो आहोत, त्यांनी ना शिलालेख ठेवला, ना पोथी. त्यांनी रचलेले दगड आणि कसलेली जमीन एवढेच मागे उरले आहे.

विदर्भातल्या शिळावर्तुळांची माहिती आपल्याला आहे. जुनापाणीला एकोणिसाव्या शतकातच रिव्हेट-कर्नाक यांनी खोदून पाहिले. मोठ्या धोंड्यांचे कडे, आत दगडगोट्यांची आणि मातीची भर, तिच्याखाली मृताबरोबर ठेवलेली मडकी आणि लोखंडी हत्यारे. माहुरझरीला घोड्याचे तांब्याचे दागिने निघाले, नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी. मेलेल्यांचा एवढा थाट सापडला, तेव्हा जिवंतपणी ही माणसे काय पेरत आणि काय खात होती, हे विचारणे ओघानेच आले. आपल्या परिषदेचा विषय हाच आहे.

शेतीच्या बाजूने या प्रश्नाला सर्वांत भरघोस उत्तर दिले ते त्यांच्याही आधीच्या माणसांनी, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावने. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे वर्षानुवर्षे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे त्या गावाशी कायमची जोडली गेली. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती पाण्यात कालवली की जळून कोळसा झालेले दाणे तरंगून वर येतात. ते वेचून अभ्यासकांनी तीन हजार वर्षांपूर्वीचे ताट आपल्यापुढे मांडले: सातू, गहू, मसूर, कुळीथ. नदीच्या पुराचे पाणी वळवायला त्या लोकांनी पाट खणला होता, दगडमातीचा बांध घातला होता. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. दगावलेले मूल ते घरातच जमिनीखाली पुरत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात. हे वाचताना माझा जीव आजही कालवतो.

पुढे, इ.स.पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, भिस्त शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर गेली. इ.स.पूर्व ७०० च्या आसपास गाव ओस पडले. बीडच्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. दसरा सरला की घरदार कुलूपबंद करून आमची माणसे ऊसतोडीला जातात आणि सहा-सहा महिने फडाजवळच्या कोपीत काढतात. पावसाने दगा दिल्यावर माणूस घर कसे लहान करतो, हे आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. म्हणूनच ही परिषद इथे भरावी, असा आम्ही आग्रह धरला.

अशी जुनी वस्ती आमच्या जवळही सापडली आहे: आमच्या जिल्ह्यातल्या गेवराईच्या समोर, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर आपेगाव आहे. तिथे १९७६ साली उत्खनन होऊन ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा यांच्या काठांचीही गावोगाव, गटागटाने पाहणी व्हावी, ही आमची पहिली मागणी.

दुसरी गोष्ट घाईची आहे. पांढरीची माती माळवदावर टाकायला आणि शेतात खत म्हणून नेण्याची रीत जुनीच आहे. पण टोपल्याने आणि बैलगाडीने होणारे काम आता जेसीबी एका दुपारी उरकतो. रान सपाट करताना दगडाच्या राशी बांधावर ढकलल्या जातात. त्यातली कुठली आजोबांनी वेचून रचलेली आणि कुठली हजारो वर्षांपूर्वीची, हे सांगणारा माणूस त्या वेळी तिथे हवा. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. मडके किंवा मणी सापडल्याचे बोललो तर जमीन जाईल, चौकशी मागे लागेल, ही भीती त्याच्या मनात घर करून आहे. निखात निधीचा १८७८ चा कायदा काय सांगतो, कळवायचे कोणाला, कळवल्यावर पुढे काय होते, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेलेच नाही.

अभ्यासकांना हात जोडून विनंती आहे. आपले निबंध ग्रंथालयात जातील, ते जावेतच. पण ज्याच्या रानात आपण खापरे वेचलीत, त्याच्या ओट्यावर बसून ती खापरे कशाची होती हे सांगून जा. ज्या घरी हे सांगितले जाईल, तिथला माणूस पुढच्या वेळी जेसीबी थांबवून फोन करील, याची मला खात्री आहे.

दुपारच्या सत्रात पुढच्या दोन रांगा शेतकऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. काहींनी नांगरताना वर आलेल्या वस्तू पिशवीत बांधून आणल्या आहेत. त्या पाहण्यासाठी वेळ काढावा आणि त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत, असे सांगून मी आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी निमंत्रित करतो.